झिजेचा भाव

गोंदियात कुणालाही माझ्या गोदामाचा पत्ता विचारा. तो रस्ता सांगेल आणि मग आवाज खाली आणून म्हणेल, "वही ना, जिसने मास्तर की मूर्तियाँ तोड के पीतल बेच दिया?" हे वाक्य मी पानठेल्यावर ऐकलं आहे, बँकेत ऐकलं आहे, माझ्याच मुलीच्या लग्नात जेवणाच्या टेबलावर ऐकलं आहे. एका शब्दात हे थांबवू शकेल असा माणूस एकच होता, आणि तो आता नाही. जिवंत होता तेव्हाही त्याने तो शब्द तोंडातून काढला नाही. त्याच माणसाबद्दल लिहायला बसलो आहे, आणि आधीच सांगतो, रागाने लिहितो आहे.

आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. कधीकाळी एका शाळेत चित्रकला शिकवत होते. हेडमास्तरांशी भांडून नोकरी सोडली, नाव तेवढं चिकटून राहिलं. घर नागरा गावाच्या रस्त्याला. घराणं मोठं, धानाच्या जमिनीचं. गावातला तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधलेला. जमीन भावांकडे राहिली. हे नागपूरला मूर्तिकला शिकले, काही वर्षं मुंबईत काढली, आणि एक दिवस परत आले ते एकटेच राहिले. उंच होते, थोडे वाकलेले. सायकलच्या कॅरिअरला कायम एक रिकामा बोरा, म्हणजे पोतं, बांधलेला असायचा. माणसाशी बोलताना तोंडाकडे पाहायचे नाहीत, हातांकडे पाहायचे. सुरुवातीला मला वाटायचं, मी काट्यावर काही करतो आहे का ते बघत आहेत.

माझं काम भंगाराचं. हातगाडीवर सुरुवात केली, गावोगाव फिरलो, आज माझा स्वतःचा धर्मकाटा आहे, भरलेला ट्रक तोलणारा. घासाघीस हीच माझी शाळा. समोरचा कुठे थांबणार हे मला तो बोलायच्या आधी कळतं. मास्तरांच्या बाबतीत मात्र पहिल्याच दिवशी माझा अंदाज आपटला.

त्यांनी ढिगातून एक फावडं काढलं. पातं घासून घासून निम्म्यावर आलेलं, एका कोपऱ्यात तर पार चंद्रकोरीसारखं. "केवढ्याला?"

मी लोखंडाचा भाव सांगितला, किलोवर.

"कमी सांगताय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मास्तर, ऊन लागलं काय?"

"नवीन फावड्याला बाजारात जे पडतात त्याच्यापेक्षा याला जास्त पडले पाहिजेत. नवीन फावड्याने अजून काही केलेलं नाही."

मी ते काट्यावर टाकायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. "काट्यावर उरलेलं दिसतं, सेठ. मला जे गेलं त्याचे पैसे द्यायचे आहेत."

माणूस सरकलेला आहे असं मला वाटलं, पण सरकलेल्या गिऱ्हाइकाला कुणी परत पाठवत नाही. मी दुप्पट सांगितलं, त्यांनी दिलं. पुढच्या खेपेला मी मुद्दाम एक जवळजवळ कोरी कुदळ पुढे केली. त्यांनी तिच्या पात्यावरून अंगठा फिरवला आणि बाजूला ठेवली. "ही आळशी आहे," म्हणाले.

वस्तू घेताना त्यांचा एकच प्रश्न असायचा. कुणाची? भंगारात हा प्रश्न कुणी विचारत नाही, विचारूही नये. पण ते विचारायचे. मग मी फेरीवाल्या पोरांना सांगून ठेवलं की झिजलेलं काही आलं तर कुणाकडून आलं ते लक्षात ठेवा. बिरसीकडची एक रोवणीवाली, धानाची रोपं लावणारी, तिचा विळा. राइस मिलमधला एक हमाल, त्याचा पोती उचलायचा हुक. रिक्षावाल्याचं एका बाजूने खाल्लेलं पेडल. हायवेवरच्या ढाब्यातला झारा, त्याचा काठ कढईला घासून कागदासारखा झालेला.

या वस्तूंचं ते काय करायचे ते सांगतो, कारण गोंदियात निम्म्या लोकांनी न पाहताच त्यावर मत दिलं आहे. ते तीच वस्तू बाजारातून नवी आणायचे आणि तिचा साचा घ्यायचे. त्या साच्यात झिजलेली वस्तू ठेवली की जेवढी जागा रिकामी राहते, तेवढी झीज. ती जागा मेणाने भरायची, मग मेणाच्या जागी पितळ ओतायचं. घासून साफ केलं की फावडं पुन्हा पूर्ण दिसायचं. वरचं काळं, गंजलेलं लोखंड कामातून उरलेलं, आणि खालची पिवळी चमकणारी धार म्हणजे मातीत गेलेलं. काही वस्तूंमध्ये पितळ बोटभर असायचं. हमालाच्या हुकात फक्त टोक. एका विळ्यात मात्र लोखंडापेक्षा पितळ जास्त होतं, आणि तो पाहून मी, लोखंडावर जगणारा माणूस, त्याचा भाव काढायचा विसरलो होतो. हे मी कबूल करतो.

पितळ ते माझ्याकडूनच घ्यायचे, पण त्यातही खोड. पितळ मोठ्या घरचं पाहिजे. दाराच्या मुठी, झुंबराचे तुकडे, बक्षिसाचे कप, बंगल्याच्या फाटकावरची नावाची पाटी. गरिबाच्या घरचा लोटा दिला तर परत ठेवायचे. "याने याची झीज कशी भरणार? इकडून काढून इकडेच घालायचं?" म्हणायचे. मी कधीकधी साध्या नळाची तोटी पुढे करून सांगायचो, ही अमक्या मिलवाल्याच्या बाथरूममधली. ते खूश व्हायचे. धंदा आहे.

गोदामात आले की ते माझ्या ऑफिसात बसायचे नाहीत. पंखा आहे, खुर्ची आहे, तरी नाही. छाटणीच्या, म्हणजे माल निवडून वेगळा करणाऱ्या, बायकांमध्ये पत्र्याचा डबा उलटा टाकून बसायचे. आमच्याकडे बायकांना त्यांच्या ढिगावरून ओळखतात. तांबेवाली, पत्रेवाली, पितळवाली. माझ्याशी पुस्तकातलं मराठी बोलणारा हा माणूस त्यांच्याशी थेट इकडच्या झाडीबोलीत बोलायचा. "काय करून राहिली वं?" असं विचारायचा, त्यांच्याच ग्लासातून चहा प्यायचा. पितळवाली त्यांना चिडवायची. "मास्तर, तुमी बायको नाही केली म्हनून भंगाराशी बोलत बसता जी." ते म्हणायचे, "भंगार तं आयकते तरी." बायका हसायच्या. मी ऑफिसातून ओरडायचो, कारण हसताना हात थांबतात.

एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मास्तर, तुमच्या घरी विळे घेऊन लोक कामाला यायचे. म्हणून तुम्हाला विळ्याचं कौतुक. ज्याच्या हातात होता त्याला कधी विचारलं का?"

मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "म्हणूनच विचारतो आहे. तुमच्या घरी काय होतं?"

माझी आई बिडी वळायची. मांडीवर सूप, हातात पानं कापायची कैची. ठेकेदाराचा मुनशी दर आठवड्याला बिड्या तपासून काही बाजूला काढायचा. खराब आहेत म्हणायचा, त्यांचे पैसे द्यायचा नाही, आणि बिड्या परतही करायचा नाही. आई फक्त 'हो जी' म्हणायची. तिची कैची माझ्या तिजोरीत आहे. अंगठ्याची कडी आतून इतकी झिजली आहे की एका जागी तारेएवढी उरली आहे. मी मूर्खासारखं हे सगळं मास्तरांना सांगितलं. त्या दिवसापासून ते कैची मागायला लागले.

"भाव सांगा."

"विकायची नाही."

"तुमच्याकडे विकायची नाही अशी वस्तू असते?"

"एक आहे."

ते दर खेपेला विचारायचे आणि मी दर खेपेला नाही म्हणायचो. आयुष्यात एवढी चिकट घासाघीस मी कुणाशी केली नाही, आणि ही एक जिंकलो.

त्यांच्या या वेडाने माझ्या धंद्याचं काय झालं तेही ऐका. गावागावांत बातमी गेली की गोंदियात घासलेल्या सामानाला जास्त भाव मिळतो. म्हाताऱ्या बाया माझ्या पोरांशी भांडायला लागल्या. "बघ किती घासला आहे तवा. वजन कायले करतोस?" एका म्हाताऱ्याने तर माझ्या काट्यावर पाय ठेवला आणि विचारलं, "मी बी घासलो आहो सेठ, माझा काय देता?" मास्तर तिथेच बसले होते. ते हसले नाहीत. घरी गेले, आणि पुढे बरेच दिवस आले नाहीत.

गोंदियाच्या एका हॉलमध्ये त्यांनी हे सगळं मांडलं होतं तेव्हा मी गेलो होतो. पांढरी चादर घातलेली टेबलं, प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी: कुणाची, कुठली, किती काळ वापरली. त्याखाली किंमत. किंमत म्हणजे त्या माणसाची तेवढ्या काळाची मजुरी. मिलवाले, डॉक्टर, वकील फिरत होते, चिठ्ठी वाचत होते आणि पुढे जात होते. एका मिलमालकाने हुक हातात घेतला आणि बायकोला म्हणाला, "ये तो अपने यहाँ का लगता है." त्याच्याच मिलमधला होता. त्याने किंमत वाचली आणि हुक हळूच खाली ठेवला, गरम असल्यासारखा.

ज्याचा तो हुक होता तो हमालही आला होता. मास्तरांनी स्वतः बोलावलं होतं. चांगला सदरा घालून आला होता, दाराजवळच उभा राहिला. मास्तरांनी त्याला टेबलापाशी नेलं. त्याने बराच वेळ पाहिलं.

"याने आता पोता उचलता येईन का जी?"

"नाही," मास्तर म्हणाले. "टोक पितळेचं आहे. वाकून जाईन."

"मंग कायले केलं?"

मास्तर हुकाखालची चिठ्ठी सरळ करत राहिले. मला उत्तर सुचलं असतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

तिथे काही विकलं गेलं नाही. नंतर मुंबईकडच्या एका श्रीमंत ट्रस्टची माणसं आली. त्यांना सगळंच हवं होतं, एकत्र. त्यांनी मास्तरांच्या किमतींवर एक शब्द काढला नाही. मी मास्तरांना सांगितलं, जे न बोलता हो म्हणतात त्यांना तुम्ही स्वस्तात देता आहात. ते म्हणाले, मला एवढेच पाहिजेत. कागद झाले. पैसे माल पोचल्यावर मिळणार होते. मास्तर सायकलवर गावोगाव फिरले आणि ज्याची जी वस्तू त्याला सांगून आले, की आलेल्या पैशातले अर्धे तुमचे. रोवणीवालीला, हमालाला, रिक्षावाल्याच्या विधवेला. कुणी मागितलं नव्हतं. लोकांनी मनात घरं बांधली. एकीने मुलीचं लग्न ठरवलं.

आणि मास्तर आजारी पडले. घरामागच्या भट्टीत पितळ वितळवताना जो धूर निघतो तो ते वर्षानुवर्षं गिळत होते. मी सांगितलं होतं तोंडावर ओलं फडकं बांधा. श्वास लागायला लागला तेव्हा भावांनी नागपूरला दाखल केलं. जाण्याआधी त्यांनी माझ्याकडे सगळा माल आणून ठेवला, कारण त्यांचं घर उघडंच असायचं आणि माझ्याकडे चौकीदार आहे. ट्रस्टने लाकडी पेट्या पाठवल्या होत्या, त्यांनी परत केल्या. "पेटीत घातलं की सगळं नवीन दिसतं." प्रत्येक वस्तू त्यांनी जुन्या धानाच्या बोऱ्यात गुंडाळून सुतळीने बांधली होती. माझ्याकडे भंगार येतं तेही अशाच बोऱ्यांत.

मी ते मागच्या शेडमध्ये वेगळं ठेवलं. गोदामात चुन्याची एक रेघ आहे. रेघेपलीकडचा माल अजून तोलायचा, कुणाचा तरी आहे. अलीकडे आला की आपला, छाटणीला मोकळा. हा आमच्याकडचा कायदा, नवीन बाईला पहिल्या दिवशी हाच शिकवतात. मास्तरांचे बोरे रेघेच्या बरेच पलीकडे होते.

मी रायपूरला गेलो होतो, एका बंद कारखान्याच्या लिलावाला. इकडे रस्त्याच्या खोदकामात पाण्याचा मोठा पाइप फुटला आणि मागच्या शेडमध्ये पाणी शिरलं. मुनीमाचा फोन आला. मी लिलावात बोली लावत होतो. म्हटलं, "पानी घुस रहा है तो सब उठाके अंदर लो." हमालांनी सगळं उचललं आणि कोरड्या जागी ठेवलं. कोरडी जागा रेघेच्या अलीकडे होती.

परत आलो तेव्हा लोखंडाच्या ढिगावर मला ते फावडं दिसलं. अर्धं. जिथे पितळ होतं तिथे छिन्नीचे ताजे ओरखडे. शेजारी विळा, हुक, पेडल, झारा, सगळं पुन्हा झिजलेलं. पितळ आदल्या दिवशीच्या गाडीने भट्टीकडे रवाना झालेलं.

मी काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. एका हमालाची कॉलर धरली. बायका उठून भिंतीला लागल्या. फक्त पितळवाली बसून होती, छिन्नी मांडीवर.

"काऊन ओरडून राहिले जी सेठ? मिक्स माल होता. मिक्स ठेवला तं लोखंडात जाते, मंग तुमीच बोंबलता."

खरं होतं. लोखंडाला पितळ चिकटलेलं राहिलं तर सगळं लोखंडाच्या भावात जातं. हे मीच रोज ओरडून सांगतो.

"लय निगुतीनं चिपकवला होता कोनं तं," ती म्हणाली. "काढता काढता हात भरून आले."

मास्तर नागपूरहून सुटून आले ते थेट गोदामात. धाकटा भाऊ धरून आणत होता. मी सगळं लोखंड एका चादरीवर मांडून ठेवलं होतं, दुसरं काय करणार. ते खाली बसले, एकेक उचललं, ओरखड्यांवरून अंगठा फिरवला.

"कोणी केलं?"

मी पितळवालीकडे बोट दाखवलं. ते डबा ओढून तिच्याशेजारी बसले, रोजच्यासारखे.

"त्या मालावर जो पितळ होता, तो कसा वाटला तुले?"

"मजबूत होता जी."

"अजून?"

ती विचारात पडली. "कोनी मोडका सामान दुरुस्त करून पाहत होता, असं वाटलं. म्हनलं, असन कोनी खुळा."

"तो मी," मास्तर म्हणाले.

तिने छिन्नी खाली ठेवली. पदर तोंडाला लावला.

माझं डोकं फिरलं ते तेव्हा. मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही वर्षानुवर्षं हिच्या शेजारी बसलात. हिच्या ग्लासातून चहा प्यायलात. हिच्यासमोरून पितळ नेलंत. त्याचं काय केलंत ते हिला एकदा तरी दाखवलंत? हॉलमध्ये डॉक्टर-वकिलांना बोलावलंत. हमालाला सदरा घालून उभा केलात. या बायकांना नाही बोलावलंत. हिने तुमची एक मूर्ती पाहिली असती तर हिचा हात चालला असता का?"

भाऊ मध्ये पडायला लागला. मास्तरांनी त्याला थांबवलं.

"नाही दाखवलं," ते म्हणाले. श्वास लागला होता, थांबून थांबून बोलत होते. "मला वाटलं, यांना माहीतच आहे."

ट्रस्टने वकील पाठवला. मालाचा विमा होता, आणि विमा कंपनीला जाणून घ्यायचं होतं की माल कुणी फोडला आणि पितळ कुणी विकलं. पोलिसांत तक्रार झाली. पितळ विकल्याची पावती माझ्या नावावर होती, ती जगजाहीर झाली. मी त्या पितळेचे पैसे मास्तरांना द्यायला गेलो तर त्यांनी हात मागे घेतला. गावोगावची माणसं यायला लागली. त्यांचे अर्धे पैसे बुडाले होते आणि मधल्या सेठने ते खाल्ले होते, त्यांना एवढंच कळलं. मी सांगायला गेलो तर म्हणायचे, "हो सेठ, हो." माझी आई मुनशीला 'हो जी' म्हणायची, तसंच हे 'हो सेठ'. रोवणीवाली आली, ढिगातून तिचा विळा बरोबर ओळखून काढला आणि घेऊन गेली. एकेक करून सगळे आपापली वस्तू घेऊन गेले. समोरच्या दुसऱ्या भंगारवाल्याकडे त्यांनी त्या किलोने विकल्या. माझ्या फाटकातून मला दिसत होतं.

मी मास्तरांच्या घरी गेलो. ते खाटेवर बसून होते, उशीला टेकून, धाकटा भाऊ जवळ. मी म्हटलं, "लिहून द्या. अपघात होता, सेठचा काही दोष नाही. तुमच्या एका कागदाने माझं तोंड उजळ होतं."

"अपघात लिहिलं की विचारतील, कोणाच्या हातून."

"मग सांगा ना."

"नाव कागदावर आलं की वकील तिला सोडणार नाही. तुमच्याकडे वकील आहे, सेठ. तिच्याकडे नाही."

"आणि माझं नाव? मी हातगाडीपासून कमावलेलं आहे ते. ते जातंय त्याचं काय?"

"तुम्हाला परवडतं," मास्तर म्हणाले.

मी त्यांच्या घरातली पाण्याची कळशी लाथेने उडवली. मला न विचारता माझी वस्तू कुणी दुसऱ्यासाठी खर्च केली, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. मी म्हटलं, "मी स्वतः सांगतो ठाण्यात."

"सांगा," ते म्हणाले. अडवलं नाही. भावाने पाणी पुसायला फडकं आणलं.

मी तसाच ठाण्यात गेलो. तिचं नाव जिभेवर होतं. बसलोही नव्हतो तोच ठाणेदार म्हणाला, "कोई छाँटनेवाली बाई होगी ना, सेठ? नाम लिखा दो, बात खतम." हसत होता, पेन उघडून तयार होता. मी गिऱ्हाईक ओळखतो. समोरचा इतक्या घाईने हो म्हणतो तेव्हा माल फार स्वस्तात चाललेला असतो. माझं डोकं पुन्हा फिरलं, या वेळी दुसऱ्या दिशेने. मी म्हटलं, माझ्या गोदामात फुटला, एवढंच लिहा. आणि बाहेर आलो. बाहेर येऊन पस्तावलोही, कारण दुसऱ्या दिवशी पेपरात तेवढंच छापून आलं.

मास्तरांनी पुन्हा भट्टी पेटवली नाही. सायकल घराला टेकून गंजली. थंडीत गेले. घाटावर मी मागे उभा होतो. नागपूरहून आलेल्या एकाने भाषण केलं, कलाकाराच्या मरणाला बाजारही जबाबदार असतो म्हणाला, आणि लोकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. हमाल होता, रोवणीवाली होती. त्यांनीही पाहिलं. मास्तरांचा भाऊ सगळं जाणत होता, तोही चितेकडे पाहत राहिला.

त्याच आठवड्यात मी पितळवालीवर उखडलो. तिची चूक काही नव्हती, एक तोटी लोखंडाच्या ढिगात गेली होती, एवढंच. मी म्हटलं, "तुझ्यापायी माझं नाव गेलं, माहीत आहे का तुला? पोलीस माझ्या मागे आहेत. मास्तर तुझं नाव न सांगता मेले." तिला खरंच माहीत नव्हतं. मास्तरांचा माल आपल्या हातून मोडला एवढं तिला माहीत होतं, आणि तेव्हापासून ती चहाच्या वेळी बायकांत बसत नव्हती. पण पोलीस, वकील, पेपर, हे तिच्यापर्यंत आलं नव्हतं. तिने ऐकून घेतलं.

"मंग सांगा ना जी माझं नाव," ती म्हणाली. "माझ्या नावाचं काय होते?"

"तुला ठाण्यात बसवतील. पुन्हा कुणी कामावर घेणार नाही."

"तुमी ठेवान ना?"

मी तिच्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता. सरळ विचारत होती.

"ठेवीन," मी म्हटलं.

"मंग सांगा," ती म्हणाली आणि पुढचा नळ ओढून घेतला.

एवढंच. किती दिवस बसवतील विचारलं नाही, मजुरी कापणार का विचारलं नाही, तुम्ही सोबत याल का विचारलं नाही. मी उभा राहिलो, तिने अजून काही मागावं म्हणून. तिने मागितलं नाही. मी ऑफिसात गेलो आणि ठाण्याला लावायला फोन हातात घेऊन बसलो, मग तो ठेवून दिला.

तक्रार अजून बंद झालेली नाही. ठाणेदार बदलतात आणि प्रत्येक नवा मला बोलावतो. मी जातो, बाकावर बसतो, माझा नंबर येईपर्यंत चपलांकडे पाहत राहतो. साहेब विचारतात, माल कुणी फोडला. मी सांगतो, माझ्या गोदामात फुटला, एवढंच लिहा. ते लिहितात, मी सही करतो. परतीच्या रस्त्यावर घर येईपर्यंत मास्तरांना शिव्या घालतो.